रुमालाखालचा भाव आणि मोबाइलमधली चौकट

जुना कूलर विकणाऱ्याच्या खात्यात पैसे यायला हवेत. पण खरेदीदाराशी बोलणं संपतं तेव्हा कूलर गॅलरीत जागच्या जागी असतो आणि खात्यातून मात्र काही हजार रुपये गेलेले असतात. कुणी पासवर्ड चोरलेला नसतो, बँकेची यंत्रणा फोडलेली नसते. विकणाऱ्याने स्वतःच्याच बोटांनी अनोळखी माणसाला पैसे पाठवलेले असतात आणि शेवटपर्यंत त्याला वाटत असतं की आपण पैसे घेतोय. हे घडतं कसं, ते उलगडून पाहिलं की थक्क व्हायला होतं. त्यावरचा उपाय ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व वऱ्हाडाने सव्वाशे वर्षांपूर्वीच कायद्यात आणलं होतं, हे कळल्यावर तर त्याहून जास्त!

आधी फसवणूक जवळून पाहू. अकोल्याचा उन्हाळा तोंडावर आला की जुन्या कूलरच्या जाहिराती दिसू लागतात. अमरावतीत परीक्षा संपल्या की खोली सोडणारी मुलं पलंग, सायकल, अभ्यासाचं टेबल ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर टाकतात. जाहिरात पडून अर्धा तास होत नाही तोच फोन येतो. माणूस अदबीने बोलतो. ‘मी आर्मीत आहे, कामठीला बदली झाली आहे. फोटो पाहिला, वस्तू पसंत आहे. सामान न्यायला गाडी येईल, पैसे आत्ताच टाकतो.’ सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येतं. ते बहुतेकदा दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

इथेच पहिली खूण दिसते. आपल्याकडचं गिऱ्हाईक वस्तू ठोकून-वाजवून पाहतं, कूलरची मोटर चालवून पाहतं, पाण्याची टाकी गळते का ते बघतं आणि मग म्हणतं, ‘काही कमी-जास्त करा न भाऊ.’ हा माणूस काहीच बघत नाही आणि घासाघीसही करत नाही, कारण त्याला कूलर नकोच आहे.

मग व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड येतो. ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. खात्री नसेल तर आधी पाच रुपयांचं करून बघा.’ विकणारा स्कॅन करतो. पाच रुपये जातात, पण लगेच दहा रुपये येतात. ते समोरच्याने वेगळे पाठवलेले असतात. विकणाऱ्याला वाटतं, कोडमुळेच आले. विश्वास बसला की पुढचा कोड आठ हजारांचा असतो. तेही गेले की, ‘अरे, चूक झाली, परत करतो,’ असं म्हणत आणखी एक कोड. या सगळ्या वेळात फोन चालूच असतो, कारण फोन ठेवला की माणूस शांतपणे विचार करू लागतो.

आता त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीकडे नीट बघा. 1994 साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने ती तयार केली, ती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. तिच्या तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने गेलं तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. छापील मजकुरात सहसा न आढळणारं प्रमाण शोधून ते निवडलं गेलं, म्हणून कॅमेऱ्याला चौकट क्षणात ओळखू येते. चौकटीचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी कोड वाचता येईल, अशीही सोय तिच्यात करता येते. इतकी हुशार वस्तू, पण पैशांच्या बाबतीत तिच्यात लिहिलेलं असतं फक्त एवढंच: पैसे कोणत्या पत्त्यावर जायचे, त्या पत्त्याचं नाव काय आणि हवी असल्यास रक्कम किती. ज्याने कोड दिला, तो घेणारा. ज्याने स्कॅन केला, तो देणारा. किराणा दुकानातला कोडही असाच चालतो.

2016 साली सुरू झालेल्या यूपीआयची रचनाही तितकीच सरळ आहे. पैसे पाठवायचे तर देणाऱ्याच्या बँकेला त्याची संमती हवी असते आणि ती संमती म्हणजे सहसा पिन. तो मोबाइलमध्येच कुलूपबंद होऊन आपल्या बँकेकडे जातो; समोरच्याला तो कधीच दिसत नाही. पैसे घेणाऱ्याला मात्र काहीच करावं लागत नाही. तो झोपलेला असला तरी पैसे जमा होतात. पिन लागतो तो खात्यातून पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला, पैसे घ्यायला कधीच नाही. भामट्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो यंत्रणेच्या वाटेला जात नाही. देण्याचं काम घेण्याच्या नावाखाली करून घेतो.

यावरच्या उपायाचं तत्त्व समजायला आता वऱ्हाडच्या जुन्या कापूस बाजारात जाऊ. रेल्वे आल्यावर वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे थेट इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचू लागला. पैसा वाढला, तशा खरेदीदारांच्या युक्त्याही वाढल्या. देशातल्या अनेक बाजारांत तेव्हा दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्यालाच भाव दिसत नसे. वजनात फरक, कडता म्हणजे वजनातली वजावट, नाना नावांच्या कपाती, हे सगळं वर. शेतकरी बैलगाडी घेऊन मैलोन्‌मैल आलेला असे. माल परत नेणं त्याला परवडत नसे.

1886 साली कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, 1998 पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं.) मग 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. ठरलेल्या आवारातच व्यवहार, अडते, दलाल आणि मापारी यांना परवाना, वजनमापांची तपासणी आणि देखरेखीला समिती. ब्रिटिशांना चांगला कापूस हवा होता, हे कारण होतंच. पण तत्त्व मोलाचं होतं. प्रत्येक खरेदीदाराची नियत तपासणं अशक्य असतं, म्हणून व्यवहारच उघड्यावर आणायचा. 1928 च्या शाही कृषी आयोगाने असे नियंत्रित बाजार इतरत्रही उभारावेत, अशी शिफारस केली. आजच्या बाजार समित्यांचं मूळ इथे आहे.

मोबाइलमधल्या बाजारातही आता तेच होत आहे. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने दोन व्यक्तींमधली ‘पैसे मागवण्याची’ सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, कारण तिच्या आडून असेच गंडे घातले जात होते. पैसे पाठवताना घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवणंही त्याच वर्षी अॅपना बंधनकारक झालं. जवानाचं नाव सांगणाऱ्याचा कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर भलतंच नाव आलं, तर रुमाल तिथेच उचलला गेला!

उरलेलं आवार आपण आखायचं. गिऱ्हाइकाने वस्तू समोर येऊन बघावी. पैसे घ्यायचे तर कोड आपला, स्कॅन त्याचा. त्याच्या मोबाइलवरचा ‘पैसे गेले’ असा पडदा किंवा आलेला मेसेज यांवर विसंबू नका, कारण दोन्ही खोटे बनवता येतात. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच वस्तू द्या. ‘चुकून जास्त गेले, बाकीचे परत करा,’ असं कुणी म्हणालं तर आपल्या खात्याचा उतारा उघडून पाहा. खरंच जास्त आले असतील, तर ते बँकेमार्फतच परत करा.

आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच 1930 वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि जिथे सापडतील तिथे ते बँक रोखून धरू शकते. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. गंडा घालणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

1897 च्या त्या बाजार समित्यांमध्ये एक मोठी उणीव होती: कापूस पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. विकणाऱ्याचा आवाज पोहोचायला पुढे कित्येक वर्षं लागली. आज तो आवाज पोहोचवायला एक तक्रार पुरते. हजार रुपयांची असली तरी ती करा. भामट्याची नवी युक्ती पकडली जाते आणि पुढचा नियम घडतो, तो अशाच तक्रारींतून.