विरघळणारा पडदा, भरून येणारे हाड

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला जत हा अवर्षणप्रवण तालुका. पशुधन हा येथील शेतकऱ्यांचा मोठा आधार होय. याच तालुक्यातील माडग्याळ गावाचे नाव मेंढीच्या एका जातीस मिळाले आहे. ओले कातडे तसेच टाकून दिल्यास थोड्याच दिवसांत कुजते. पण तेच बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावले, की वर्षानुवर्षे टिकते, हे जनावरे बाळगणाऱ्या या भागास नवे नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल अशाच चामड्याची असते आणि त्या मानांकनात सांगली जिल्ह्याचाही समावेश आहे. कुजणे आणि टिकणे यांमागील हेच शास्त्र आज दंतवैद्यकातही उपयोगी पडत आहे.

तीन पदरांचा पीळ

कातडे आणि हाडे यांना बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना तीन पदरी दोराच्या पिळासारखी असते, हे १९५४ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडले. हा पीळ घट्ट असल्यामुळे सामान्य पाचक द्रव्ये त्यास सहजासहजी तोडू शकत नाहीत.

पडद्याचे प्रयोजन

हिरड्यांच्या जुनाट रोगामुळे अथवा दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजते. पुरेसे हाड नसल्यास कृत्रिम दाताचे रोपण कठीण होते. अशा जागी हिरडीच्या पेशी झपाट्याने वाढतात, हाडाच्या पेशी मात्र सावकाश. परिणामी हाडाची जागा मऊ मांस व्यापून टाकते. ते रोखण्यासाठी मध्ये पातळ पडदा घालतात. पूर्वीचे कृत्रिम पडदे काढण्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. कोलॅजेनचा पडदा शरीरातच विरघळतो, हा त्याचा मोठा लाभ होय.

पडदा विरघळतो कसा?

जखमेकडे धावून येणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी कोलॅजेनेझ नावाचे विकर सोडतात. हे विकर तिन्ही पदर एका ठराविक ठिकाणी, लांबीच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर, तोडते. तुटलेल्या तुकड्यांचा पीळ शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत उलगडतो आणि त्यांचे जिलेटिन बनते. मग इतर विकरे त्याचे बारीक तुकडे करतात आणि अखेर उरलेली अमिनो आम्ले शरीर सामावून घेते.

साधा पडदा काही आठवड्यांत विरघळू लागतो. हाड भरून येण्यास मात्र साधारणपणे ४ ते ६ महिने लागतात. म्हणून काही पडद्यांच्या धाग्यांमध्ये रासायनिक बंध निर्माण करतात. कातडे कमावताना घडते ते तत्त्वतः हेच. असा पडदा काही महिने टिकतो. तथापि बंध फार झाल्यास नव्या रक्तवाहिन्या आत शिरण्यास अडथळा होतो आणि काही रसायनांचा उरलेला अंश पेशींना अपायकारक ठरू शकतो. म्हणजेच सर्वाधिक टिकाऊ पडदा तोच सर्वोत्तम, असे म्हणता येत नाही.

रुग्णाचा वाटा

टाके सुटून पडदा तोंडात उघडा पडला, तर तेथील जंतूंची विकरे त्यावर तुटून पडतात आणि आठवड्यांचे काम दिवसांत उरकते. हाड भरण्यापूर्वीच पडदा नाहीसा झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च व श्रम वाया जाण्याचा संभव असतो. तंबाखू व मिश्री यांमुळे, तसेच अनियंत्रित मधुमेहामुळे, जखम भरण्यास विलंब होतो. यास्तव मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि तपासणीची तारीख न चुकविणे आवश्यक आहे. हे पडदे बहुधा डुकराच्या अथवा गुरांच्या ऊतींपासून बनतात. माशांच्या कोलॅजेनचेही पडदे असतात. याविषयी डॉक्टरांना आधीच विचारण्याचा प्रत्येक रुग्णास अधिकार आहे.

पडदा स्वतः हाड घडवीत नाही. हाडास आवश्यक तो अवधी तो मिळवून देतो. त्या अवधीचे रक्षण मात्र रुग्णाच्याच हाती असते. शाळेत आणि ग्रामसभेत मिश्री-तंबाखूविरुद्ध सांगितलेला एक शब्द म्हणूनच अनेकांचे दात व जबडे वाचवू शकेल.