जुनी पिकअप, मोजका पैसा – लेखांक ३ : आधी चेसी, मग इंजिन

जुनी पिकअप पुन्हा उभी करायची ठरली की मालकाचं आणि बऱ्याचदा मेस्त्रीचंही पहिलं लक्ष इंजिनाकडे जातं. धूर किती, ओढ किती, ऑइल किती खाते, एवढंच बोललं जातं. मग लायनर-पिस्टन, बेअरिंग, हेड, पंप असं करत हाताशी असलेली रक्कम इंजिन बांधण्यातच संपते आणि उरल्यासुरल्या पैशांत रंग मारून गाडी बाहेर पडते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पैसा मोजका असेल तर तो आधी चेसीला, मग ब्रेक आणि स्टिअरिंगला, त्यानंतर इंजिनाला आणि अगदी शेवटी रंगाला लागला पाहिजे. इंजिन थकतं ते बहुधा सांगून थकतं. धूर वाढतो, चढाला गिअर पाडावा लागतो, सकाळी स्टार्टर जास्त फिरवावा लागतो. चेसी आणि ब्रेक इतकी आधी सूचना देत नाहीत. शिवाय इंजिनाचा कुठलाही भाग बदलता येतो, प्रसंगी अख्खं इंजिनही बदलता येतं. पण चेसीवर ठोकलेल्या नंबरावरच गाडीची नोंदणी उभी असते. ती चेसीच कुजली तर वरच्या नव्या लायनरचा उपयोग काय?

कोकणातून आंबा घाटाने कोल्हापूरकडे मासळी नेणाऱ्या पिकअप पाहा. बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी हौद्याच्या फळ्यांमधून चेसीवर ठिबकतं आणि हौदा जिथे चेसीवर टेकतो तिथल्या लाकडी किंवा रबरी पॅकिंगखाली साचून राहतं. मिठाच्या पाण्यात लोखंड झपाट्याने गंजतं, आणि गंज ओलावा धरून ठेवत असल्याने ती जागा उन्हाळ्यातही लवकर सुकत नाही. वरून काळा रंग शाबूत दिसतो, आतला पत्रा मात्र पापुद्र्यांनी सुटत असतो. म्हणून लहान हातोडी घेऊन चेसी टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहावी, विशेषतः पाट्यांचे ब्रॅकेट, आडवे मेंबर आणि पॅकिंगच्या जागा. सशक्त पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. या तपासणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरी ती सर्वांत कमी केली जाते. दोष सापडला की गंजावरच पट्टी वेल्ड करणारे खूप भेटतील. ते काम स्वस्त दिसतं, पण पट्टीखाली ओल अडकते आणि गंज चालूच राहतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून मगच तुकडा जोडायला हवा. तडा असेल तर त्याच्या टोकाला भोक पाडून तो आधी थांबवावा, मग वेल्ड करावा. खाली जुनं इंजिन ऑइल फवारण्याची पद्धतही जपून वापरावी, कारण ते पाट्यांचे रबरी बुश फुगवतं, आणि ब्रेक लायनरला लागलं तर लायनर वायाच जातो.

ब्रेकच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. भरलेली गाडी घाट उतरताना ड्रम तापतात, व्हील सिलिंडरमधलं जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणं, सिलिंडरचे रबरी वॉशर नवे टाकणं आणि आतून खड्डे पडलेला सिलिंडर न घासता बदलणं, हे सगळं मिळूनही इंजिनकामाच्या मानाने किरकोळ खर्चाचं आहे. फक्त ते वॉशर रॉकेल-डिझेलने धुऊ नयेत, ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवावेत.

यावर आक्षेप येतो तो असा, की कमाई इंजिन करतं. ते बसलं तर हप्ता कुठून भरायचा? आक्षेप खरा आहे. पण धूर दिसला की इंजिन उघडायचं, हे त्याचं उत्तर नव्हे. काळा धूर बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या नोझलचा असतो. पांढरा धूर टिकून राहिला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळ्या धुराचा अर्थ ऑइल जळतंय, पण ते रिंगांतून वर येतंय, व्हॉल्व्ह सीलमधून गळतंय की टर्बोतून, हे ठरवायला कम्प्रेशन तपासावं लागतं. या तपासण्या न करता केलेलं फुल इंजिनकाम हा गरीब मालकाचा सर्वांत मोठा नाहक खर्च आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप पासिंगचा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस दाखला लागतो, म्हणून रंग आधी हवा, असं म्हणतात. पण गंज न खरवडता चढवलेली लांबी आणि रंग पावसाळ्यात फुगून निघतात, आणि तोवर खालचं कुजणं कुणाला दिसत नाही. दरवाजे, काचा, बॉनेट, सीट कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले तरी चालतील. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग मात्र नवेच घ्यावेत. आणि पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी हातोडी पत्र्यातून आरपार गेली, तर खर्चाचा विचार तिथेच सोडावा. उपयोगात येण्याजोगे भाग बाजूला काढावेत आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओला चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. इंजिन अजून चांगलं असेल, तर ते दुसऱ्या गाडीच्या कामी येईल.