सीपॅप मशीन घेऊन विमानात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

“मशीन मोठ्या बॅगेत टाकलंय, केबिनमध्ये वजन जास्त होईल ना!” अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. स्लीप ॲप्नियासाठी रात्री सीपॅप लावणाऱ्यांनी नेमकं हेच करू नये. सीपॅप हे वैद्यकीय साधन आहे. विमान कंपनी कुठल्याही देशाची असो, अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत अशा साधनाची गणना हातातल्या सामानात करता येत नाही, असा तिथला नियम आहे. इतर मार्गांवर कंपनीगणिक पद्धत वेगळी असते, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. बॅग दोन दिवस उशिरा आली तर कपडे कुणाचेही घालता येतात. मशीन कुठून आणणार? आणि ते नसलं, तर झोपेत श्वास अडणं पहिल्याच रात्री पुन्हा सुरू होऊ शकतं.

‘यात ऑक्सिजन असतो, सिक्युरिटीवाले अडवतील’ ही भीतीही निराधार आहे. हे मशीन आपल्या भोवतीचीच हवा दाबाने आत सोडतं आणि त्या दाबामुळे घशातली वाट मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. ऑक्सिजन सिलिंडरचे कडक नियम त्याला लागत नाहीत. अमेरिकेतल्या तपासणीत मशीन पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं. मास्क आणि नळी पिशवीतच राहू द्यावी. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र जवळ हवीच, कारण मशीन बिघडलं तर तिथे नवं चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

‘विमानात थोडा वेळच झोपायचं, मशीन कशाला?’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. मुंबईहून न्यूयॉर्कचा थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे खुर्चीत बसल्या जागी आपण कळसूबाईहून उंच असतो, ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि त्यात श्वास अडतो. झोपेच्या गोळीने किंवा मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपणार असाल तर मशीन लावा, ओशाळू नका. बहुतेक नवी मशीन उंचीशी आपोआप जुळवून घेतात.

सीटजवळच्या सॉकेटवर मात्र विसंबू नये. कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावं आणि बॅटरी न्यावी. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी कंपनीची लागते, त्यापुढची चालत नाही. सुटी बॅटरी केबिनमध्येच हवी. ह्युमिडिफायर बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त टिकते. त्यातलं पाणी घरूनच ओतून टाकावं, नाहीतर ते मशीनमध्ये उतरतं.

अमेरिकेतल्या कमी व्होल्टेजसाठी जड ट्रान्सफॉर्मर नेणारेही आहेत. मशीनच्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर त्याची गरज नाही. फक्त तिथल्या पिनांचा प्लग लागतो. तो इथूनच घेऊन मशीनच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे पोचल्या रात्री दुकान शोधावं लागत नाही.