वैमानिकाला युनियन हवी का?

आमच्या हाउसमधल्या निम्म्या मुलांना वैमानिक व्हायचे आहे. पहिली पसंती अर्थात हवाई दलाला. पण एसएसबीत जमले नाही तर प्रवासी विमान कंपनी हा दुसरा रस्ता प्रत्येकाच्या मनात असतो. गेल्या टर्ममध्ये प्रेपनंतर यावरच वाद रंगला. एक मित्र म्हणाला, "युनियन असलेल्या कंपनीत जाऊच नये, तिथे शिस्त नसते." मला उत्तर देता आले नाही. म्हणून सुट्टीत या विषयावर वाचन केले.

वैमानिकांची युनियन मुख्यतः तीन गोष्टी पाहते: पगार, ड्यूटीचे तास आणि ज्येष्ठता. अमेरिकेत 1931 साली डेव्हिड बेंकी या वैमानिकाने एअर लाइन पायलट्स असोसिएशन स्थापन केली. तेव्हा खराब हवेतही उड्डाण करण्याचा दबाव असे. 1934 मध्ये महिन्याला 85 तासांची उड्डाणमर्यादा मिळाली, त्यामागे याच संघटनेची धडपड होती.

ज्येष्ठतेची यादी समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांत नोकरीला लागल्याच्या तारखेवरून प्रत्येकाचा क्रमांक ठरतो. कोणते विमान, कोणता मार्ग, दिवाळीसारख्या सणाला रजा कोणाला, कॅप्टन कधी होणार, हे सारे त्या क्रमांकावर चालते. त्यामुळे साहेबांची मर्जी सांभाळावी लागत नाही. पण तोटाही आहे. दुसऱ्या कंपनीत गेलात तर वीस वर्षांचा अनुभव असूनही यादीच्या तळाशी उभे राहावे लागते. मंदीत कपात होते तीही तळापासूनच.

पगाराचे काय? 2023 मध्ये डेल्टा कंपनीच्या वैमानिकांनी युनियनमार्फत चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ मिळवली. मग इतर मोठ्या कंपन्यांनाही तसेच करार करावे लागले. जेटब्लू कंपनीच्या वैमानिकांनी 2011 मध्ये युनियन नाकारली होती, पण 2014 मध्ये मतदान करून तिला होकार दिला. म्हणजे तेच वैमानिक तीन वर्षांत दुसऱ्या निर्णयावर आले.

आपल्याकडचा अनुभव मात्र संमिश्र आहे. 2009 मध्ये जेट एअरवेजने युनियन उभारणाऱ्या दोन वैमानिकांना काढले. सहकाऱ्यांनी एकदम आजारपणाची रजा टाकली, पाच दिवस उड्डाणे विस्कळीत झाली आणि त्या दोघांना परत घेण्यात आले. पण 2019 मध्ये कंपनीच बंद पडली, तेव्हा थकलेला पगार मिळवून देणे कोणत्याही संघटनेच्या हातात नव्हते. 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप 58 दिवस चालला. शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, प्रवाशांचे हाल झाले आणि शेवटी न्यायालयापुढे संप मागे घ्यावा लागला. संप हे शस्त्र आहे, पण ते दोन्ही बाजूंनी कापते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो थकव्याचा मुद्दा. एकटा वैमानिक "मी थकलोय, उडणार नाही" म्हणाला तर तो कामचुकार ठरू शकतो. हेच संघटनेने म्हटले तर तो सुरक्षेचा प्रश्न होतो. भारतात आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास करण्याचा नियम आला. तो लागू व्हावा म्हणून वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. या नियमाचा फायदा युनियन नसलेल्या कंपनीच्या वैमानिकालाही होतो आणि मागे बसलेल्या प्रवाशालाही.

म्हणून माझे मत असे झाले: कंपनी सुदृढ असेल तर युनियन असलेली नोकरी वैमानिकासाठी चांगली. कंपनी बुडत असेल तर युनियन तिला तारू शकत नाही.

आणि आपले काय? राज्यघटनेच्या कलम 33 नुसार संसद सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते, त्यामुळे गणवेशात युनियन नाही. ते योग्यच आहे. आदेशावर मतदान घेता येत नाही. पण मग थकलेल्या जवानाच्या बाजूने बोलायचे कोणी? त्याच्या अधिकाऱ्याने. हाताखालच्या माणसांची सोय आधी आणि स्वतःची शेवटी, हे आपण इथे शिकतो ते याचसाठी. माझ्या मित्राला आता मी एवढेच सांगेन की शिस्त म्हणजे गप्प बसणे नव्हे.