स्तन्यपायी बालकातील श्वसनविकार : चिठ्ठीपूर्वीचे एक मिनिट

कार्तिकातील थंडीची संध्याकाळ होती. शुक्रवार पेठेतील माझ्या चिकित्सालयात एक आजी सात आठवड्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळ कुंची आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेले होते. “वैद्यराज, नुसती सर्दी आहे. घुटीत काय उगाळून देऊ तेवढे सांगा,” असे त्या म्हणाल्या. बाहेर रुग्णांची रांग होती. बाळ शांत होते, ज्वर नव्हता. मी लेखणी उचलली आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्याही. तेवढ्यात बाळाची आई हळूच म्हणाली, “सकाळपासून दूध ओढतच नाही.” त्या एका वाक्याने माझा हात थांबला. दुपटी सोडली, झबले वर केले आणि घड्याळ लावून श्वास मोजले. ते मिनिटाला ६६ भरले. क्षणभर थांबून पुन्हा मोजले, तरी तेच. प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. चिठ्ठी फाडली, त्याच रिक्षातून त्यांना रुग्णालयात पाठविले. फुप्फुसदाहाचे निदान झाले, प्राणवायू आणि शिरेतून औषधे द्यावी लागली. बाळ वाचले. परंतु आई बोलली नसती तर मी काय केले असते, हा प्रश्न आजही मला सोडत नाही.

बाळ शांत होते याचे मला समाधान वाटले होते. वस्तुतः ते थकलेले होते. दोन महिन्यांखालील बालकास गंभीर संसर्गातही ज्वर येईलच असे नाही, उलट अंग गार पडू शकते. खोकलाही असेलच असे नाही. अशा वेळी निदानाचे सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे बाळाचा श्वास. तो मोजण्यास एक मिनिट लागते आणि घड्याळाखेरीज काहीही लागत नाही.

गडचिरोलीचा धडा

या एका मिनिटाचे सामर्थ्य आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील गावांत एक प्रयोग केला. ५८ गावांत निमवैद्यकीय सेवक, आरोग्यसेवक आणि पारंपरिक दाया यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व कोट्रायमोक्साझोल देण्याचे शिक्षण देण्यात आले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांखालील हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू या गावांत ८.१, तर इतर गावांत १७.५ होते. उपचार मिळालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांतील रुग्णांत ते १३.५ टक्के होते.

ज्या दायांना मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक साधे उपकरण तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर दाईला जे साधले ते पदवीधर वैद्याला साधू नये, असे कोणते कारण असू शकेल?

श्वास कसा मोजावा

बाळ शांत किंवा निजलेले असताना, छाती आणि पोट उघडे ठेवून, पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण लहान बाळाचा श्वास स्वभावतःच अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास होय. दोन महिन्यांखालील बाळात आकडा ६० किंवा त्याहून अधिक आल्यास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

याखेरीज पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे : दूध न ओढणे, छाती आत ओढली जाणे, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, ओठ वा जीभ निळसर होणे, झटके, अंग गार पडणे, हालचाल मंदावणे. दोन महिन्यांखालील बाळास ज्वर असला तरी तेवढे कारण पुरेसे आहे. वेळ पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बाळ आईच्या छातीशी उबेत धरून न्यावे.

शास्त्र काय सांगते

कौमारभृत्याचा आधारग्रंथ असलेली काश्यपसंहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रकाशित झाली. तिच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायाचा विषयच हा आहे : ज्याला बोलता येत नाही त्याची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी. आधी पाहणे आणि मग औषध योजणे, हा क्रम आपल्या परंपरेने फार पूर्वीच घालून दिला आहे.

उत्तरकालीन ग्रंथांतील ‘उत्फुल्लिका’ या व्याधीत उदर फुगणे आणि श्वास ही लक्षणे येतात. लोकभाषेत यालाच ‘डबा’ म्हणतात. पोट उडताना दिसते म्हणून दोष पोटात आहे, असा समज होतो आणि मेळघाटात आजही कोवळ्या बाळाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या घटना घडतात. पुण्यातले आपण त्यावर हळहळतो. परंतु धाप लागलेल्या बाळाला घुटीची चिठ्ठी लिहून घरी पाठविणारा वैद्य त्याच चुकीची सौम्य आवृत्ती करीत असतो.

घरी काय करावे, काय टाळावे

श्वास संथ आहे, बाळ नेहमीसारखे दूध पिते आणि केवळ नाक चोंदले आहे, अशा वेळी घरी काळजी घेणे पुरेसे असते. स्तनपान थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. पाजण्यापूर्वी नाकात क्षारजलाचे एक-दोन थेंब सोडावेत. बाळाला उबेत, पण हालचाल होईल इतके सैल ठेवावे. सहा महिन्यांखाली वरचे पाणी देऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे आणि धोक्याची लक्षणे आईला स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावीत.

क्षीराद बालकाच्या व्याधीत धात्रीला औषध द्यावे, हे शास्त्रवचन सौम्य विकारांत स्वीकारण्यासारखे आहे. मात्र ते रुग्णालयाला पर्याय नव्हे. बालचतुर्भद्र आपण मधातून देण्यास शिकलो, परंतु मधातील जंतुबीजांमुळे एक वर्षाखालील बालकास बोट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो, हे आता सिद्ध आहे. म्हणून त्या वयात मध अनुपान म्हणूनही वर्ज्य मानावा. नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरून दाह करते. कापराने झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या वाफेने भाजण्याचा धोका असतो.

शेगडीवर ओवा, वावडिंग टाकून बाळाला धुरी देण्याची रीत अजूनही अनेक घरांत आहे. तिला धूपनाचा आधार सांगितला जातो. चरकाचार्यांनी शारीरस्थानात धूपन सांगितले आहे ते बाळाची वस्त्रे, अंथरूण व पांघरूण यांसाठी, धाप लागलेल्या बाळाच्या नाकाशी धूर धरण्यासाठी नव्हे. धूर हे श्वसनसंसर्गाचे पोषक कारण आहे.

औषधालय चालकांना विनंती

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमधील डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे लिहून अथवा विकून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती साधारणतः टाळावीत, अशी सूचना दिली. बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ असे छापले म्हणून हा विवेक सुटत नाही. ज्या सिरपात ग्लिसरीन वा तत्सम द्रावक आहे तिथे त्याच्या शुद्धतेची तपासणी झालीच पाहिजे. मद्यांश असलेली आसवारिष्टे तान्ह्या बाळाला देऊ नयेत.

“बाळाच्या सर्दीवर काहीतरी द्या” असे म्हणणाऱ्या बापाला दुकानातून तीन प्रश्न विचारावेत : वय किती? दूध पिते का? श्वास जोरात आहे का? उत्तर शंकास्पद वाटले तर बाटलीऐवजी रुग्णालयाचा पत्ता द्यावा.

प्रतिबंधाचा भागही आपल्या हाती आहे. हिब जंतूवरील संरक्षण पेंटाव्हॅलंट लसीतून ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. न्यूमोकोकल लस ६ व १४ आठवडे आणि ९ महिने या वयात शासकीय केंद्रांत मोफत दिली जाते. २०२१ पासून ती देशभर उपलब्ध आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला हे सांगणे, हेही बालरक्षणच होय.

त्या संध्याकाळनंतर मी मेजावर सेकंदकाट्याचे एक घड्याळ ठेवले आहे. तान्हे बाळ समोर आले की आधी झबले वर करायचे, मग घड्याळाकडे पाहायचे आणि लेखणी शेवटी उचलायची. रांग मिनिटभर थांबते. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.