बिऱ्हाड पाठीमागे आणि मोटार पुढे

गेल्या वर्षी आमच्या मातोश्रींस एकोणनव्वदावे वर्ष लागले. घरच्या मंडळींनी त्यांस विचारले, की या वाढदिवशी काय हवे? लुगडे, शाल, फार तर काशीयात्रा, असे काही त्या मागतील अशी आमची कल्पना. मातोश्री म्हणाल्या, “मला एक रात्र प्रवरेच्या काठी उघड्यावर निजायचे आहे.” त्यांचे माहेर अकोले तालुक्यातले. लहानपणी राखणीच्या निमित्ताने खळ्यावर निजल्याच्या आठवणी त्या नातवंडांस सांगत असतात. ती मागणी ऐकून चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिले आणि मी छताकडे.

तंबूतला मुक्काम आमच्या घरास नवा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी चिरंजीव आणि सूनबाई दोघेच पवनेच्या तलावाकाठी जाऊन राहिली, तेव्हा मी कपाळास आठ्या घातल्या होत्या. पुढे थोरला नातू झाला, तो रांगू लागला, आणि एका हिवाळ्यात आम्ही उभयताही त्यांजबरोबर भंडारदऱ्यास गेलो. सन 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचा तो विस्तीर्ण जलाशय, समोर कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर आणि पहाटे तंबूच्या कापडावर टपटपणारे दव हे सर्व पाहिल्यावर माझा विरोध कायमचा मावळला. त्या वेळी आमची सात आसनी मोटार आम्हांस अगडबंब वाटत असे. आज घरात मातोश्री, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे अशी सात माणसे आहेत. गेल्या श्रावणात तिसरे नातवंड येणार असल्याचे कळले तेव्हा आनंद तर झालाच, पण आसने सात आणि माणसे आठ हे गणितही त्याच दिवशी पुढे उभे राहिले. त्यातच मातोश्रींना जमिनीवर निजविणे शक्य नाही. त्यांस लोखंडी पलंग हवा, गुडघ्यांमुळे खुर्चीचा कमोड हवा, चाकाची खुर्ची हवी. हे सारे टपावर बांधावयाचे, तर खाली तंबू आणि भांडी कोठे ठेवावयाची? तेव्हा मोटारीमागे एक दुचाकी ट्रेलर जोडावा असे ठरले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, आमचे पाठीमागे.

पहिला प्रयोग जुन्याच मोटारीने, आणि एका परिचितांचा ट्रेलर मागून आणून, केला. सामान भरण्याचे काम मीच अंगावर घेतले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. पलंग आधी आत सरकविला, आणि पाण्याचे पिंप, गॅसची टाकी व भांड्यांचे खोके वाटेत लागतील म्हणून शेवटी, म्हणजे दारापाशी ठेवले. घाटकोपरहून पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे आणि पुढे भिवंडीची बाजू ओलांडून शहापूरपर्यंत आम्ही खुशाल गेलो. शहापूरच्या पुढे रस्ता मोकळा लागला, वेग ऐंशीवर गेला, आणि मोटारीचा मागचा भाग कोणीतरी हाती धरून हलवावा तसा डावी-उजवीकडे डुलू लागला. चिरंजिवांनी चक्र घट्ट धरले व पाय हळूच काढून घेतला. वेग उतरला तसे डुलणे थांबले. मुले गप्प झाली. पुढच्या आसनावरून मातोश्री शांतपणे म्हणाल्या, “गाडी उलाळ झाली आहे रे. ओझे मागे भरलेत.”

शहरातील तरुण वाचकांस हा शब्द कदाचित परिचित नसेल. बैलगाडीत आसाच्या मागे वजन जास्त झाले, की दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. अशा गाडीस उलाळ म्हणतात. उलट पुढे फार भरले तर जू मानेवर रुतते आणि बैल गुडघे टेकतो. म्हणून जाणता गाडीवान दांडीस हात लावून वजन जोखतो आणि एखादे पोते पुढे-मागे सरकवितो. ट्रेलरची गोष्ट तंतोतंत हीच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दशांश ते सातवा भाग मोटारीमागील जोडावर पडावा असे या विषयातील जाणकार सांगतात. त्याहून कमी पडला, तर ट्रेलर वेगात शेपटी हलवितो. त्याहून अधिक पडला, तर मोटारीची मागची बाजू बसते, पुढची उचलली जाते आणि चक्र हलके लागू लागते. मातोश्रींनी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, आणि मी छत्तीस वर्षे शाळेत शिकविले. पण त्या दिवशी विद्यार्थी मीच होतो.

खर्डीस थांबून पिंप पुढे घेतले. तथापि समोर कसारा घाट दिसत होता, आणि ट्रेलरास स्वतःचे ब्रेक नव्हते. घाट चढून जाऊही, पण उतरताना काय? ज्या थळ घाटातून 1865 साली लोहमार्ग सुरू झाला, तेथे सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. तेवढ्यासाठी रेल्वेने आगगाडीस मागून जादा इंजिने लावण्याची आणि उतारावर सुटलेल्या गाडीस बाजूच्या चढत्या रुळांवर घालून थांबविण्याची व्यवस्था केली. मग मागे पाचशे किलोचा धक्का घेऊन घाट उतरणाऱ्या मोटारीने ब्रेक तापेपर्यंत दाबीत राहावे हे शहाणपण कसे ठरणार? आम्ही कसाऱ्याच्या पायथ्याशी चहा घेतला आणि परत फिरलो. परतीच्या वाटेत मातोश्रींनी चकार शब्द काढला नाही. मला तो अबोला अधिक लागला.

त्यानंतर नव्या मोटारीचा शोध सुरू झाला, आणि घरात दोन पक्ष पडले. चिरंजिवांचा भर शक्तीवर. 2016 साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल इंजिनाचे परिबल 343 न्यूटन-मीटर, 2022 च्या स्कॉर्पिओ-एनचे हाताने गिअर बदलावयाच्या प्रकारात 370, तर साध्या बोलेरोचे 210, असे आकडे ते जेवताना तोंडपाठ म्हणत. चढावर अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांत मिळणारे परिबल उपयोगी पडते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण सूनबाई अभियंत्या आहेत. त्या म्हणाल्या, “बाबा, ओढण्याची ताकद एक आणि वाहण्याची ताकद दुसरी. आपण अडणार आहोत ते दुसरीत.”

संस्कृतात ‘वह्’ धातू या दोन्ही अर्थांनी चालतो. घोडा स्वारास वाहून नेतो तेथेही तो, आणि बैल गाडी ओढतो तेथेही तोच. ‘अनडुह्’ हा बैलवाचक शब्द गाडी ओढणारा अशाच अर्थी झाला आहे. पाणिनीने मात्र रथ ओढणारा तो रथ्य आणि धुरा वाहणारा तो धुर्य किंवा धौरेय, अशी नावे निरनिराळी सिद्ध करून दिली आहेत. मोटार बनविणारेही हा भेद पाळतात, पण विकणारे तो ग्राहकास क्वचितच सांगतात. मोटारीच्या पुस्तिकेत पूर्ण भरलेल्या गाडीचे अधिकतम वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की जी बाकी उरते तीत माणसे, सामान, टपावरचे ओझे आणि ट्रेलरच्या जोडावर पडणारा भार, सर्व बसले पाहिजे. हा शेवटचा भार लोक विसरतात.

सूनबाईंनी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणून आम्हां सर्वांस त्यावर उभे केले. पाच मोठ्या माणसांचे मिळून 302 किलो भरले. थोरला नातू 29, धाकटी नात 16, येणाऱ्या बाळाचे सात धरले. मुलांची आसने आणि चाकाची खुर्ची मिळून तीस. बेरीज 384. गाडीची वाहण्याची क्षमता 550 धरली तर 166 उरले. ट्रेलर भरून 500 किलोचा आणि जोडावर त्याचे साठ किलो, म्हणजे हाती राहिले 106. त्यात पाणी, शिदोरी आणि प्रत्येकाची पिशवी. दर वर्षी मुलांची वजने वाढणार ती निराळीच. ज्यांच्या घरात अशी मुले आहेत, त्यांनी आजचे नव्हे तर पाच वर्षांनंतरचे वजन धरून हिशेब करावा असे मी सुचवितो.

आता आसनांची गोष्ट. 2019 साली मोटार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा मुलांचे खास आसन बांधणे आवश्यक आहे. ही आसने मधल्या रांगेत घट्ट बांधली, की मागच्या रांगेत जाण्यासाठी मधले आसन दुमडता येत नाही. आठ आसनी प्रकारात मधले बाक सलग असते, तेव्हा एका बाजूस मुलाचे आसन बांधले तर दुसऱ्या बाजूनेच वाट राहते. सात आसनी प्रकारात मध्ये वाट असते, पण एक माणूस कमी. दुकानात गुळगुळीत रिकाम्या गाडीत बसून हे कळत नाही. आम्ही मुलांची आसने काखोटीस मारून गेलो, ती तेथेच बांधली आणि मी व सौभाग्यवतींनी मागे शिरून व बाहेर पडून दाखविले. विक्रेत्या तरुणास हसू आवरेना. एक नऊ आसनी गाडीही पाहिली. बोलेरो निओ प्लस या 2024 च्या गाडीत शेवटची चार आसने आडवी, एकमेकांसमोर आहेत. तरुण मंडळींस ती चालतील; मुलांची आसने अशा बाकावर बांधण्याजोगी नाहीत, म्हणून ती सोडली. तेरा आसनी फोर्स ट्रॅव्हलरचा विचार मीच पुढे केला होता, कारण तीत सारे बिऱ्हाड आत मावले असते आणि ट्रेलरची यातायातच टळली असती. परंतु आमच्या इमारतीच्या आवारात ती उभी करण्यास जागा नाही, आणि रोज सूनबाईंनी तीच गाडी घेऊन कामावर जावे ही अपेक्षा अन्यायाची. दोन लहान गाड्या नेण्याचा मार्गही होता. पण मग अर्धे कुटुंब पुढे, अर्धे मागे, आणि प्रवासातल्या गप्पांस अर्धेच श्रोते.

मागची चाके ओढणारी गाडी घ्यावी की पुढची, यावरही बराच खल झाला. ट्रेलरचा भार मागे पडला की पुढच्या चाकांवरील दाब थोडा कमी होतो, आणि ओल्या घाटात पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी चढावर घसरू शकते. क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन यांचा सांगाडा पोलादी चौकटीवर उभा आहे व मागची चाके ओढतात. 2022 च्या इनोव्हा हायक्रॉसचा सांगाडा एकसंध असून पुढची चाके ओढतात. म्हणून चौकटीची गाडी सरसकट चांगली, असे मात्र नव्हे. परदेशांत एकसंध सांगाड्याच्या गाड्याही ट्रेलर ओढतात. अमेरिकेत होंडा ओडिसीसारख्या कौटुंबिक गाडीसही सुमारे 1590 किलोपर्यंत ओढण्याची मुभा असते, मात्र ती निर्मात्याने छापून दिलेली असते. खरा निर्णय तेथेच होतो. चिरंजिवांस सर्वांत आवडलेल्या एका गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये अशी शिफारस निघाली. विक्रेता म्हणाला, “अहो काका, सगळे ओढतात!” मी म्हटले, “ते लिहून द्या.” त्याने दिले नाही. गाडी यादीतून गेली. चिरंजीव दोन दिवस अबोल होते.

शेवटी जी घेतली, तिचे नाव येथे देत नाही; हा लेख जाहिरातीसाठी नाही. ओढावयाच्या वजनाचा आकडा आम्ही छापील पाहून घेतला, जोडाचा गोळा निर्मात्याने मान्य केलेलाच बसविला आणि विमा कंपनीस तसे लेखी कळविले. ट्रेलर स्वतःचे ब्रेक असलेला घेतला. वाचकांनी हेही ध्यानी ठेवावे, की ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी निराळी, क्रमांक निराळा, आणि मागचे, थांबण्याचे व वळण्याचे दिवे मोटारीबरोबर लागले पाहिजेत. वर्षातून चार वेळा वापरावयाच्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, ते उभ्या उभ्या कुजतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यांवरून वय काढावे. चालत्या ट्रेलरात मात्र माणूस, अगदी हट्ट धरणारा नातूसुद्धा, बसवू नये.

उरला प्रश्न जागेचा. आमच्या इमारतीच्या मंडळींनी दुचाकी ट्रेलर आवारात ठेवण्यास नकार दिला, आणि त्यांचा तरी काय दोष? घाटकोपरात माणसास उभे राहण्यास जागा नाही, तेथे आमच्या पलंगास कोण देणार? तेव्हा शहापूरचे व्याही धावून आले. त्यांच्या परसात शेड आहे. ट्रेलर तेथेच असतो. मुंबईच्या गर्दीतून तो ओढीत न्यावा लागत नाही, आणि आम्ही मोकळी गाडी घेऊन शहापूरला पोहोचतो, तेथे विहिणबाईंच्या हातचे पोहे खाऊन जोड लावतो. हे निर्णयाचे अंग कोणत्याही पुस्तिकेत नव्हते.

माघात बाळ तीन महिन्यांचे झाले, वैद्यांनी संमती दिली, आणि आम्ही निघालो. शहापूरला सामान भरताना मातोश्री खुर्ची टाकून ट्रेलरपाशी बसल्या होत्या. पिंप आसाच्या किंचित पुढे, पलंग तळाशी, हलके तंबू मागे. सर्व झाल्यावर त्यांनी चिरंजिवांस ट्रेलरची दांडी उचलून पाहावयास लावले, आणि पुन्हा एकदा भांड्यांचे खोके पुढे घ्यावयास सांगितले. साठाच्या वर वेग न्यावयाचा नाही असे ठरले होते, आणि तो नेला नाही. कसारा चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात कुरकुरत गेली. मागून ट्रक भोंगे वाजवीत होते, त्यांस वाट दिली. इगतपुरी, घोटी आणि मग भंडारदरा.

रात्री थंडी कडाक्याची होती. मातोश्रींचा पलंग तंबूच्या तोंडाशी ठेवला, दोन घोंगड्या आणि एक रजई. मुले निजल्यावर मी बाहेर आलो, तेव्हा त्या जाग्याच होत्या, आणि वर बोट करून मला मृगनक्षत्र दाखवीत होत्या, जणू मी अजून बिगरीतच आहे. दुसऱ्या दिवशी उतारावर चिरंजीव खालच्या गिअरात, ब्रेकवर फारसा पाय न ठेवता, घाट उतरले. शहापूरला ट्रेलर सोडला, चाकांस हात लावून पाहिला. ती कोमट होती, तापलेली नव्हती. होळीपूर्वी आणखी एकदा जावे असा मुलांचा हट्ट आहे. त्याआधी मागच्या दिव्याची एक तार बदलावयाची आहे, आणि येत्या रविवारी सूनबाई पुन्हा वजनकाटा काढणार आहेत. बाळ आता साडेसहा किलोचे झाले आहे.