शेंड्यावरून शेंड्यावर

कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकर चढणाऱ्याची नजर बहुतेक वेळ पायाखालीच असते. शिडी घाटात ती तिथेच हवी. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी, तिथे मान वर करायला फुरसत मिळते. माथ्यावरची दाट झाडी लागली की वरून खडखडता आवाज येतो, अर्धवट कुरतडलेली फळे पडतात आणि तांबूस-तपकिरी रंगाचे, मांजराएवढे काहीतरी एका झेपेत पलीकडच्या झाडावर जाते. पहिल्यांदाच पाहणारा गोंधळतो. वानर म्हणावे तर तोंड काळे नाही. उदमांजर म्हणावे तर ते रात्री हिंडणारे. पोट फिकट पिवळसर आणि झुबकेदार शेपूट अंगाहून लांब असेल, तर ते शेकरू.

महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेला असतो, झाडावर फार थोड्यांनी.

विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद जुनी आहे. एर्क्सलेबेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे कर्नल सायक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव आपल्याकडच्या शेकरूला लागले ते सायक्स यांच्यामुळे. केरळकडच्या शेकरूच्या पाठीवर आणि शेपटीवर काळा रंग ठळक असतो. भीमाशंकरच्या शेकरूला तो नाही, शेपटीचे टोकही फिकट.

दीड-दोन किलो वजनाचे हे जनावर जमिनीवर क्वचितच उतरते. वीसेक फुटांची झेप ते घेते, पण झेप घ्यायला समोर फांदी हवी. घरटी बांधते तीही शेंड्याजवळ, काटक्या आणि पानांचे मोठे गोळे. फळे, बिया, फुले, पाने, साल असा त्याचा आहार. फळांची टंचाई असते तेव्हा ते कशावर जगते आणि वड-उंबरांच्या कुळातली फळे त्याला कितपत साथ देतात, याचा अभ्यास रेने बोर्जेस यांनी भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोड इथल्या रानांत केला.

रायगडमधल्या कर्जत-खालापूर तालुक्यांच्या संदर्भात कळीचा मुद्दा फांदीला लागलेल्या फांदीचा आहे. रानात झाडे किती उरली यापेक्षा ती एकमेकांना किती भिडलेली आहेत, यावर शेकरूचे जगणे ठरते. माथेरान कर्जत तालुक्यातच येते. तिथे मोटारींना बंदी आहे, २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून त्याला संरक्षण मिळाले, आणि जांभूळ-अंजनीच्या सलग सावलीत शेकरू आजही टिकून आहे. खाली सपाटीवर मात्र रस्ते, फार्महाऊस आणि प्लॉट यांनी झाडीचे तुकडे केले आहेत. डोंगर दुरून हिरवा दिसतो, पण शेकरूला मधली मोकळी जागा ओलांडता येत नाही.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे रान पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरले आहे. वनखाते तिथे शेकरूंचा अंदाज घेते तो घरट्यांवरून. काम चिकाटीचे आहे: एकच शेकरू अनेक घरटी बांधते, म्हणून वापरातले कोणते आणि सोडलेले कोणते हे पाहावे लागते. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, खांडसच्या उतारांवर आणि माथेरानच्या कड्यांखालीही घरट्यांच्या अशाच नोंदी दरवर्षी व्हायला हव्यात. शेंडे कुठे जुळलेले आहेत आणि कुठे तुटले, याचा नकाशा त्यातूनच हाती येईल, आणि झाडे कुठे लावायची हेही त्यावरून ठरवता येईल.